इंग्रजी कवेलू

माझा भाचा इंग्लंडात असतो. नोकरीसाठी गेला आणि दोन वर्षांत त्याला घरं बघायचा नाद लागला. विकत घ्यायला नव्हे, नुसतीच बघायला. दर रविवारी मोबाईलवर फोटो येतात. "मामा, हे ट्यूडर. भिंतीतल्या काळ्या लाकडाच्या पट्ट्या बघा." "मामा, हे जॉर्जियन. खिडक्या कशा कवायतीला उभ्या!" मी ते फोटो आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या फाट्यावर, चहाच्या टपरीत बसून बघतो. समोरून रायपूरकडे ट्रक धडधडत जातात, टपरीचे पत्रे थरथरतात आणि माझ्या हातातलं जॉर्जियन घर भूकंप झाल्यासारखं हलतं.

मला गंमत वाटली ती नावांची. १७१४ पासून १८३० पर्यंत इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, म्हणून त्या काळातली घरं जॉर्जियन. पुढे व्हिक्टोरिया राणी १९०१ पर्यंत राहिली, घरं व्हिक्टोरियन झाली. मग एडवर्ड आला, घरं एडवर्डियन. आमच्याकडे तरी निराळं काय आहे? गावात एखाद्या घराचं वय विचारा, साल कुणी सांगणार नाही. "हे इंदिरा आवासमधलं", "ते प्रधानमंत्री आवासमधलं" असं उत्तर येईल. त्याही आधीचं असेल तर "आज्याच्या हातचं", म्हणजे मातीच्या भिंती, सागाचे फाटे आणि वर कवेलू, इतरांच्या भाषेत कौलं. तिकडे राजावरून शैली ओळखतात, इकडे योजनेवरून. गॉथिक इमारतीला आभाळात घुसणारे सुळके असतात म्हणे. आमच्या प्रत्येक स्लॅबवर चार कोपऱ्यांना लोखंडी सळया आभाळाकडे बघत उभ्या असतात. पोरगा कमवायला लागला की वर मजला चढेल, ही आशा त्यांत असते. गॉथिक सुळक्यांतही तशीच वरची आशा असणार.

एकदा भाच्याने विटांनी बुजवलेल्या खिडकीचा फोटो पाठवला. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत घराला जितक्या खिडक्या तितका कर असे, म्हणून लोकांनी खिडक्याच लिंपून टाकल्या. त्या दिवशी मला इंग्रज माणूस पहिल्यांदा आपला वाटला. घरटॅक्सवाला येणार म्हटलं की मागची खोली "गुरांची" होते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

मग मी ठरवलं, भाचा तिकडे बघतोय तर आपण इकडे बघावं. जवळजवळ शंभर वर्षं इंग्रज या मुलखावर होते. कोहमाऱ्याच्या आसपास त्यांची काहीतरी इमारत असेलच.

पहिली वस्तू पायाखालीच सापडली. हा चौपदरी महामार्ग, आजचा ५३ नंबरचा, म्हणजे मुळात नागपूरहून रायपूरला जाणारा इंग्रजांचा ग्रेट ईस्टर्न रोड. तिकडे राजनांदगाव-दुर्गला अजून त्याला जी. ई. रोडच म्हणतात. आम्ही नाव विसरलो, रस्ता वापरत राहिलो. दुसरी वस्तू जवळच्या सौंदड स्टेशनाची. १९०८ साली गोंदियाहून नागभीडकडे छोटी लाईन धावू लागली. आज तिथे मोठी लाईन आहे. पण रस्ता आणि रूळ म्हणजे घर नव्हे. मला छप्पर हवं होतं.

छप्परही सापडलं. आमच्याकडे कवेलू दोन जातीचे. देशी कवेलू कुंभाराच्या चाकावरचे, अर्धगोल, नळीसारखे. माकडांची टोळी एकदा त्यांवरून गेली की पावसाआधी सगळे कवेलू फेरावे लागतात. दुसरे चपटे, लाल, साच्यातले, एकाची खाच दुसऱ्यात बसणारे. ते इंग्रजी कवेलू. लहानपणी ज्याच्या घरावर इंग्रजी कवेलू त्याच्या पोरीला स्थळं लवकर येत. मी उत्साहाने भाच्याला फोटो पाठवला, "हे घे, तुझं इंग्लंड आमच्या छपरावर." उत्तर आलं, "मामा, ही मंगळुरी कौलं. बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ ला मंगळूरमध्ये कारखाना काढला. इंग्रजांचा संबंध नाही."

म्हणजे दोन पिढ्या ज्याचा तोरा मिरवला तो इंग्रजी कवेलू निघाला जर्मन! मी टपरीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजी, गळत तं नाही ना? मग कोणाचाही असू द्या."

उरला बंगला. या रस्त्यावर मजल-दरमजल साहेबाच्या मुक्कामासाठी डाकबंगले होते. तसल्याच एका जुन्या विश्रामगृहाचा चौकीदार माझ्या ओळखीचा. भर मे महिन्यात, दुपारी, मी तिथे जाऊन उभा राहिलो. उंच जोतं, हातभर जाडीच्या भिंती, दोन माणसं उंच छत, आणि अगदी वर दोरीने उघडायच्या छोट्या झडपा. तापलेली हवा वर चढते आणि झडपेतून निघून जाते. छताला जुन्या हाती पंख्याचे आकडे. आणि घराला चारी बाजूंनी व्हरांडा, म्हणजे ऊन भिंतीला हात लावायच्या आधी व्हरांड्यातच दमून बसतं.

आता इंग्रज सापडला, असं वाटलं. घरी येऊन वाचलं तर बंगला म्हणजे बंगालच्या पद्धतीचं घर. साहेबाने ते बंगालात पाहिलं, उचललं आणि नावही तेच ठेवलं. पुढे १८७० च्या सुमारास इंग्लंडात केंटच्या समुद्रकिनाऱ्यावरही त्याने सुट्टीसाठी बंगले बांधले. व्हरांडा हा शब्दही साहेबाने हिंदुस्थानात येऊनच उचलला. आमच्या भागात त्याला सपरी म्हणतात आणि ती प्रत्येक घराला होती.

मग त्या बंगल्यात निव्वळ इंग्रजी असं काय होतं? होतं, एक होतं. दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटीची कमान आणि वर धुराडं. पंचेचाळीस अंशांच्या मुलखात शेकोटी! नकाशा काढणाऱ्या साहेबाचा हात सवयीनेच वळला असावा. तशी डिसेंबरात आमच्या जंगलपट्टीत कडाक्याची थंडी पडते, नाही असं नाही. पण चौकीदाराच्या आठवणीत तिथे जाळ झालेला नाही. कमानीत तो झाडू, बादली आणि कांद्याचं पोतं ठेवतो. वर चिमणीत चिमण्यांनी घरटी केली आहेत. आपल्या भाषेने धुराड्याला आणि पाखराला एकच नाव देऊन त्यांची सोय आधीच करून ठेवली होती.

मुंबईला साहेबाने फार मोठ्या इमारती बांधल्या, हे खरं. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाच नाही. कागद आला आणि १८७८ साली मनोरा उभा राहिला. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या बोरीबंदर स्टेशनच्या फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे इंग्लंडचा सिंह बसला आहे, दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ. पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा त्या वाघाला बघून मला एकदम आमच्या नागझिऱ्याच्या जंगलातलं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याच्या मागे मोर, माकडं, पानं-फुलं दगडात कोरलेली. तो हात जे. जे. स्कूलच्या इथल्याच पोरांचा. कमान त्यांची, माकडं आपली.

हे सगळं मी भाच्याला लिहिणार होतो. पण त्याआधी चौकीदाराला एक प्रश्न विचारला. त्याचं स्वतःचं स्लॅबचं घर दोन वर्षांपूर्वी झालं. सिमेंट, टाईल्स, सगळं.

"मग रात्री झोपता कुठे?"

"इथंच जी, या व्हरांड्यात. घरचा स्लॅब रात्री बारापर्यंत भट्टीवानी तापते. आज्याच्या घराले सपरी होती, ते पाडली आन् स्लॅब टाकला."

मी बंगल्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला. व्हरांड्यात चारपाई, मच्छरदाणी आणि मागे दारातून दिसणारी साहेबाची कमान, तिच्यात कांद्याचं पोतं. भाच्याने विचारलं, "मामा, ही कुठली शैली?"

मी लिहिलं, "सपरी. पुढच्या मे महिन्यात ये, दोघं इथेच झोपू. आणि तुझ्या घराचा नकाशा काढशील तेव्हा हिला विसरू नको."