बाहुली पाहण्याचा कार्यक्रम

मुलगी पाहायला जाण्याचे नियम आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. बाहुली पाहायला कसे जावे हे मात्र कुणी शिकवत नाही. मग चाळिशीतल्या शहाण्यासुरत्या बायका मैत्रिणीच्या घरी जाऊन नको ते बोलून बसतात. मी बेटेगावला मैत्रिणीकडे हा कार्यक्रम चार वेळा केला आहे. त्यातल्या एका खेपेला पोहे न खाताच निघावे लागले. एवढ्या अधिकारावर हे मार्गदर्शन करीत आहे.

विरारहून डहाणू लोकल धरून बोईसरला उतरावे, पूर्वेला यावे आणि चिल्हार रस्त्याने जाणाऱ्या शेअर रिक्षात मिळेल त्या कोपऱ्यात अंग चोरून बसावे. ट्रकांच्या धुळीने बेटेगाव येईतो केसांचा झिपऱ्या अवतार होतो. होऊ द्यावा. जिला पाहायला निघालो तिचेही केस तसेच आहेत, त्यामुळे कोणाला कमीपणा वाटत नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये, डहाणूचे चिकू न्यावेत. नवीकोरी बार्बी मात्र नेऊ नये. ती सवत ठरते.

बाहुल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. दमट हवेने झाकण गंजून बसलेले असते, ते मैत्रिणीची आई, म्हणजे काकू, उलथन्याने उघडतात. या वेळी मदतीला धावू नये.

आता वय. बाईला वय विचारू नये हे मला ठाऊक होते, म्हणून मी विचारले नाही. बाहुली पालथी करून वाचले. कमरेखाली बारीक अक्षरांत १९६६ कोरलेले. “अगं, ही तर आपल्या आयांच्या लग्नाआधीची!” मी ओरडले. मैत्रिणीने माझ्याकडे फक्त पाहिले. ते वर्ष धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचे असते, बाहुलीच्या जन्माचे नव्हे. नव्वदच्या दशकात बनलेल्या बार्ब्यांच्या पाठीवरही तेच सापडते. हिचा जन्म भारतातला, खोक्यावर ‘लिओ मॅटेल’ छापत असत त्या काळातला. म्हणजे आमच्याहूनही धाकटी. मूळ बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात आली, तीही काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखात. रूथ हँडलर यांनी तिला आपल्या मुलीचे, बार्बराचे नाव दिले. बेटेगावात ती त्या वेशात आली असती, तर काकूंनी दारातच टॉवेल गुंडाळला असता.

जवळजवळ तेच केले आहे त्यांनी. बाहुलीच्या अंगावर खणाचे परकर-पोलके आहे, ब्लाउजपिसाच्या कातरणातून शिवलेले. पोलक्याला मागे एकच टिचबटण, आणि ते बाहुलीच्या अख्ख्या पंजाएवढे. परकराच्या नेफ्यात खरीखुरी नाडी ओवलेली आहे, टोकाला गाठ मारून. इथे थांबावे. पोलके हातात घेऊन शिलाई आतून पाहावी, टाके मोजल्यासारखे करावे आणि काहीही न बोलता ते काकूंकडे द्यावे. पोह्यांवर खोबरे जास्त पडते.

उंचीची तारीफ करावी, पण जपून. साडेअकरा इंच उंची, आणि पाय जन्मजात टाचा उचललेले, त्यामुळे ती स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही. तिला पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात. मैत्रिणीची आजी होती तेव्हा म्हणायची, “आमची लाकडाची ठकी बरी. नाक नकटं, पण उभी तरी राहायची.”

या उंचीपायी तिचे लग्नही अवघड झाले. केन नावाचा नवरा १९६१ सालीच बाजारात आला होता, पण आमच्यापर्यंत काही पोचला नाही. शेवटी शेजारच्या मुलाचा ही-मॅन बोहल्यावर चढवला. साडेपाच इंचांचा, उघडा, दंडाच्या बेटकुळ्या काढलेला. त्याला तीन पाटांवर उभे केले तेव्हा कुठे माळ गळ्यात पडली. लग्नाचा विषय काढल्यास वरपक्षाबद्दल चांगलेच बोलावे.

व्यंगे दिसली तरी इलाज सुचवू नयेत. बाहुलीचा डावा कान हिरवा पडला आहे. कानातल्याच्या धातूतले तांबे गंजले की हिरवा डाग प्लास्टिकमध्ये उतरतो. हौशी संग्राहक त्यावर मुरुमांचे बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम लावतात. मी ही माहिती उत्साहाने दिली. मैत्रीण म्हणाली, “राहू दे. मला वाटायचं कान दुखतोय तिचा. रात्री कापूस घालून ठेवायचे.” उजव्या पायाची बोटे नाहीत, ती मैत्रिणीच्या भावाने दात येताना चावली. तो आता तारापूर एमआयडीसीत शिफ्ट सांभाळतो आणि डबा उघडला की पाणी प्यायला आत जातो. त्याला हाक मारू नये.

किमतीबद्दल मात्र काहीच बोलू नये. “आज विकलीस तर केवढ्याला जाईल गं?” हे ते वाक्य, ज्यानंतर मला पोहे मिळाले नाहीत. वर मी असेही म्हटले होते की खोका नाही आणि एक बूट नाही म्हणून भाव पडेल.

बुटाबद्दल तर मुळीच विचारू नये, विशेषतः उत्तर आपल्याला माहीत असेल तर. बूट गुलाबी, आतून पोकळ, करंगळीच्या टोकावर बसेल एवढा. चौथीत असताना तो माझ्या फ्रॉकच्या खिशात आला. कसा आला हे इथे महत्त्वाचे नाही. मैत्रीण दर वेळी सांगते, “एक बूट पालघरच्या जुन्या घरीच राहिला बघ,” आणि मी दर वेळी मान हलवते. चारही वेळा तो पर्समध्ये घेऊन गेले होते. डबा उघडा असतो तेव्हा काकू समोर असतात, आणि काकू आत गेल्या की डबाही आत जातो.

परवा परतताना बोईसरला रिक्षातून उतरले आणि सुट्टे पैसे काढायला पर्सचा छोटा कप्पा उपडा केला. रिक्षावाल्याच्या तळहातावर नाणी पडली आणि त्यांच्यावर तो बूट. त्याने तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि मला परत दिला.

“मॅडम, दुसरा कुठंय?”

“बेटेगावला,” मी म्हटले.