जिव्हाळ्याचं टपाल

निवडणूक लागली की नागपुरातल्या संपादकांकडे साहेबांवरच्या जिव्हाळ्याला पूर येतो. महालची गृहिणी, धरमपेठेतले निवृत्त प्राध्यापक, सक्करदऱ्याचा बेरोजगार तरुण... तिघांनाही एकाच दिवशी उड्डाणपूल पाहून भरून येतं आणि तिघंही 'विकासपुरुष'मधला 'पु' दीर्घ लिहितात. टाचणीही एकाच कोपऱ्यात. पण बिचाऱ्यांनाच का नावं ठेवा? 2009 च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाणांचं कौतुक चक्क स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखं छापून आलं, पी. साईनाथांनी ते 'द हिंदू'त उघडं पाडलं. इकडे वेगळ्या विदर्भाचं काय झालं, असं साहेबांना विचारणारं एक पत्रही दर हिवाळी अधिवेशनाला येतं. अक्षर स्वतःचं, सही खरी. ते मात्र जागेअभावी राहतं.