खोक्यातून आलेली स्कूटर

गेन्सव्हिल, फ्लोरिडा

ती. बाबा,

मागच्या रविवारी कॉल चालू असताना आमच्या गॅलरीखाली तुम्हाला एक लाल वस्तू दिसली. तुम्ही 'ते काय रे?' म्हणताच तुमच्या चिरंजीवांनी फोन घाईघाईने नातीच्या तोंडासमोर धरला. ती स्कूटर आहे. आमचीच आहे, आणि चिनी आहे. ज्या घरात चेतक स्कूटरला दसऱ्याला आईंच्या हातची झेंडूची माळ मिळते, त्या घरात हे सांगायचं धाडस त्याच्यात नाही, म्हणून पत्र मी लिहिते आहे. शिवाय फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला 'अ‍ॅव्हरेज किती?' विचारता आणि बाकीचं राहून जातं. तेही आधीच सांगून टाकते: गॅलनला ८० मैल, म्हणजे लिटरला ३४. आता निवांत वाचा.

गेन्सव्हिल हे विद्यापीठाचं गाव. आमची एक मोटार आहे, ती नातीची शाळा, पोहणं आणि वाणसामान यांत अडकलेली असते. दुसरी घ्यावी तर फ्लोरिडातले विम्याचे हप्ते ऐकून तुम्हाला पुन्हा बीपीची गोळी घ्यावी लागेल. आणि घेतली तरी कॅम्पसवर ती लावायला जागा मिळावी म्हणून नवस बोलावा लागतो. स्कूटरला मात्र तिथे वेगळ्या जागा आखून दिल्या आहेत, अगदी इमारतींच्या जवळ. त्यामुळे इथली निम्मी पोरं स्कूटरवर असतात. नवी जपानी ५० सीसी घ्यायची तर अडीच हजार डॉलरच्या पुढे. ही आठशेच्या आत, आणि घरपोच.

तुम्ही सांगता ना, चेतकसाठी लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसायचे, आणि ज्याच्यासाठी परदेशातून कुणी डॉलर भरायचं त्याचा नंबर लवकर लागायचा. आम्हीही डॉलर भरले आणि गाडी लगेच आली. थांबलो ते त्यानंतर.

ट्रकवाल्याने पार्किंगमध्ये एक लोखंडी पिंजरा उतरवून ठेवला. वरून पुठ्ठा, आत स्कूटर. पुढचं चाक वेगळं, आरसे वेगळे, बॅटरी वेगळी, हँडल वायरींना लोंबकळलेलं, आणि नटबोल्टांची एक प्लास्टिकची पिशवी. सोबत माहितीपुस्तिका होती. बाबा, तुम्ही उभा जन्म महसूल खात्यात काढलात, तरीही सांगते, त्या पुस्तिकेतलं इंग्रजी वाचल्यावर मला आपल्या परिपत्रकांचं मराठी रसाळ वाटलं. चिरंजीवांनी पुस्तिका बाजूला ठेवली आणि 'हे तर सोपंय' असं म्हणाले. हे वाक्य त्यांनी लग्नानंतर पंखा लावताना म्हटलं होतं, एवढंच नमूद करते.

या गाड्यांचं रहस्य मला त्या दुपारी कळलं. त्या पूर्ण झालेल्या नसतात. कारखान्यातल्या शेवटच्या कामगाराने जिथे हात थांबवला, तिथून पुढचं काम गिऱ्हाइकाचं. जपानी गाडीच्या किमतीत बोल्ट आवळणाऱ्याची मजुरी असते, तो नीट आवळला का हे बघणाऱ्याची असते, आणि दुकानदार तुमच्या हाती किल्ली देण्यापूर्वी पुन्हा सगळं तपासतो त्याचीही असते. आमच्या गाडीत हे तिन्ही लोक आम्हीच. त्यामुळे चालवण्याआधी जवळजवळ प्रत्येक बोल्ट काढायचा, त्यावर ते निळं चिकट औषध एक थेंब लावायचं (कंपनाने बोल्ट सैल होऊ नये म्हणून), आणि परत आवळायचा. पेट्रोलच्या आणि व्हॅक्युमच्या रबरी नळ्या सरळ कचऱ्यात टाकून चांगल्या घालायच्या. प्लग बदलायचा. पहिलं ऑइल थोडं चालवून लगेच काढून टाकायचं. आमचं काढलं तेव्हा त्यात चंदेरी भुकटी चमकत होती आणि नातीला ती चित्रकलेच्या तासासाठी हवी होती. टायरसुद्धा बदलले, कारण सोबत आलेले टायर ओल्या रस्त्यावर काय करतील याचा नेम नव्हता आणि इथे उन्हाळ्यात रोज दुपारी ढग फुटतात. हे सगळं धरलं तर आठशेची गाडी हजाराच्या वर गेली. हा आकडा आईंना सांगितलेला नाही.

आणि एवढं करूनही, पहिल्याच आठवड्यात सायलेन्सरचा एक नट वाटेत कुठेतरी उतरून गेला. तो एकच राहिला होता म्हणे आवळायचा. गाडी घराच्या दोन चौक अलीकडे असताना मला स्वयंपाकघरात कळायचं की हे आले.

पण इंजिनाला नावं ठेवू नका हं बाबा, तिथे मी चिरंजीवांच्या बाजूने आहे. या इंजिनाच्या घराण्याला जीवाय ६ म्हणतात. तैवानच्या किमको कंपनीने होंडाच्या आराखड्यावरून ते घडवलं, आणि पुढे चीनमधल्या कितीतरी कारखान्यांनी ते उचललं. म्हणजे आपल्या ओळखीचंच खानदान. आईंची कायनेटिक होंडा आठवा, १९८४ मध्ये आलेली ती बिनगिअरची जादू. ती टू-स्ट्रोक होती, ही फोर-स्ट्रोक आहे आणि सीसीने निम्मी आहे, पण गिअरऐवजी पट्टा आणि दोन पुल्या हीच युक्ती. पुढच्या पुलीत सहा गोल वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन्ही थाळ्या एकमेकींकडे सरकतात, पट्टा वर चढतो आणि गाडी वेग घेते. नातीला हे मी समजावून सांगितलं तेव्हा तिने विचारलं, 'मग गिअर टाकताना आजोबा एवढे का ओरडायचे?' याचं उत्तर तुम्हीच द्या.

नक्कल नक्कल म्हणून नाक मुरडायलाही फार जागा नाही. होंडाने स्वतःच आपल्या गाड्यांची नक्कल करणाऱ्या सनडिरो नावाच्या चिनी कंपनीशी २००१ मध्ये भागीदारी केली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणा हवं तर, पण हिशेब पक्का होता: एवढ्या स्वस्तात सुटे भाग मिळवायची कला त्यांनाच साधली होती. चेच्यांग प्रांतातल्या ताइचौ भागात या स्कूटरचे भाग बनतात ते आपल्या हुपरीच्या पैंजणांसारखे, एकाकडे फक्त एक काम, दुसऱ्याकडे फक्त दुसरं, आणि शेवटी कुणीतरी सगळं जुळवून त्यावर आपलं नाव टाकतो. म्हणूनच एकच गाडी दहा नावांनी विकली जाते. आमच्या गाडीवर जे नाव आहे ते स्टिकर आहे, आणि ते पहिल्याच पावसात एका बाजूने सुटलं.

नावाला अर्थ नाही, हे दुकानात गेल्यावर जास्त कळलं. पट्ट्याचा आवाज येत होता म्हणून हे गाडी घेऊन एका स्कूटरच्या दुकानात गेले. मालकाने लांबूनच हात वर केला. 'चायनीज आम्ही घेत नाही.' याला राग आला, पण त्या माणसाने शांतपणे गणित मांडलं. त्याची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या आसपास. कार्बुरेटर साफ करायला तास जातो, आणि नवाकोरा कार्बुरेटर तीस डॉलरला मिळतो. गिऱ्हाईक बिल बघून भांडतं, आणि भांडण मिटेपर्यंत गाडीचा दुसरा काहीतरी भाग पडलेला असतो. 'गाडी तुमची आहे, शिका,' असं म्हणून त्याने एका कागदावर '१३९ क्यूएमबी' एवढं लिहून दिलं. तो इंजिनाचा सांकेतिक क्रमांक. पहिला एक म्हणजे एक सिलिंडर, ३९ म्हणजे सिलिंडरच्या बोअरचा व्यास मिलिमीटरमध्ये. सुटे भाग मागताना गाडीचं नाव कुणी विचारत नाही, हा आकडा सांगायचा. तेवढ्या भांडवलावर तुमचे चिरंजीव मिस्त्री झाले.

तुम्हाला आठवतं ना, चेतक बंद पडली की तुम्ही ती डाव्या अंगाला कलवायचात, प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचात आणि किक मारायचात? त्याने पहिल्या दिवशी हिलाही कलवून पाहिलं. सांडलेलं पेट्रोल शेजाऱ्यांनी पाहिलं.

सगळ्यात रंगतदार काम टॅपेट सेटिंगचं. या इंजिनात झडपांचं अंतर सुरुवातीला लवकर कमी होत जातं, आणि मग गाडी सकाळी उठायला कुरकुर करते. इंजिन अगदी गार असताना करायचं काम आहे, म्हणून शनिवारी उन्हं वर यायच्या आत मंडळी खाली उतरतात. वरचं झाकण चार बोल्टांचं. फ्लायव्हील हाताने फिरवत त्यावरची 'टी' ही खूण बरोबर रेषेवर आणायची जबाबदारी नातीची, कारण तिची नजर चांगली आहे. मग फीलर गेजची पातळ पट्टी, ०.०८ ते ०.१० मिलिमीटरची, फटीतून सरकवायची. ती सरकावी, पण जराशी अडत सरकावी. या 'जराशी'वरून पहिल्या शनिवारी आमचा संसार मोडायच्या बेताला आला. शेवटी पट्टी मी हातात घेतली. बाबा, मी आठवडाभर सूक्ष्मदर्शकाखाली किड्यांची पोटं उघडते, मला दोन टॅपेटचं काय भय? आता ते खातं माझ्याकडे आहे. चिरंजीव चहा करतात आणि दहा नंबरचा पाना शोधतात. या गाडीचं निम्मं काम दहाच्या पान्यावर होतं, आणि तोच एक पाना घरात कधी सापडत नाही.

पेट्रोलचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, मक्याचं. तुमच्याकडे आता वीस टक्के, उसाचं आणि धान्याचं. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की कार्बुरेटरच्या सगळ्यात बारीक जेटमध्ये चिकटा बसतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही टॅम्पाला मराठी मंडळींकडे गेलो, परत आलो तर ती ढिम्म. आता लांब जायचं असलं की आधी कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून तो कोरडा करतो. चेतकच्या बाबतीतही करून बघा, ती आता जास्त वेळ उभीच असते.

कागदपत्रांचं म्हणाल तर इथे नंबरप्लेट टॅक्स कलेक्टरच्या कचेरीत मिळते. कलेक्टर कचेरीत काम, हे ऐकून मी तुमच्या सूचना आठवत फोटो, झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स घेऊन गेले. काही लागलं नाही. चासी नंबर 'एल'ने सुरू होतो हे बघून खिडकीतली बाई हसली आणि म्हणाली, 'चीन?' मी हो म्हटलं. तिच्या मुलाकडेही तीच होती, दुसऱ्या नावाची.

चालवायला गाडी झकास आहे. मी स्वतः चालवते, तेव्हा हे ऐकीव नाही. ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे ती जात नाही, उताराला थोडी जास्त. पण गेन्सव्हिलमध्ये उतार कुठून आणणार? आर्चर रोडवर मोटारी सत्तरच्या वेगाने अंगावर येतात, तिकडे आम्ही जात नाही. आतल्या गल्ल्यांतून, ओकच्या सावलीतून जायचं. लेक अ‍ॅलिस तळ्याशी मगरी उन्हाला पडलेल्या असतात. इतकी वर्षं मोटारीच्या काचेतून बघितल्या, स्कूटरवरून त्या बऱ्याच मोठ्या दिसतात. त्याच रस्त्याला वटवाघळांसाठी बांधलेली उंच घरं आहेत, आणि अंधार पडताना लाखो वटवाघळं तिथून बाहेर पडतात. फ्लोरिडाचा कायदा सोळा वर्षांवरच्या माणसाला ५० सीसीवर हेल्मेट सक्तीचं करत नाही. वटवाघळं करतात. आम्ही दोघंही तोंड झाकणारं हेल्मेट घालतो, त्याचं दुसरं कारण लव्हबग. मे आणि सप्टेंबरात या काळ्या माश्या जोडीजोडीने हवेत तरंगत असतात आणि गाडीच्या तोंडावर थापल्या जातात. आमच्याच विद्यापीठाने त्या प्रयोगशाळेत बनवल्या अशी इथे जुनी आवई आहे. साफ खोटं, त्या मध्य अमेरिकेकडून पसरत आल्या. पण मी कीटकशास्त्रातली म्हटल्यावर पेट्रोलपंपावर लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

फुटबॉलच्या शनिवारी तर तिची खरी चैन. स्टेडियममध्ये नव्वद हजारांच्या आसपास माणूस मावतो, आणि त्या दिवशी लोक आपल्या अंगणातली जागासुद्धा गाडी लावायला भाड्याने देतात. आपण मधून भुर्रकन.

हल्ली आणखी एक झालं आहे. शेजारची पोरं आपापल्या गाड्या ढकलत आमच्या गॅलरीखाली आणतात. दुकानं घेत नाहीत ना. परवा कोलंबियाचा एक मुलगा, चेन्नईची एक मुलगी आणि गावातलाच एक पोरगा, तिघांच्या तीन रंगांच्या, तीन नावांच्या स्कूटर ओळीने उभ्या होत्या आणि तिन्हींवर १३९ क्यूएमबी. चिरंजीव पैसे घेत नाहीत, मी पोह्यांच्या बदल्यात कांदे चिरून घेते.

नोव्हेंबरात तुम्ही दोघं याल तेव्हा माश्याही नसतील आणि बहुतेक वादळंही. तुमचं भारतातलं लायसन्स इथे पाहुण्याला चालतं, आणि ५० सीसीला मोटारसायकलची वेगळी परवानगी लागत नाही. फक्त मुदत संपली नाही ना ते बघा. पाने, पकडी काही आणू नका. एकच आणा. इथे गाडी पुसायला चिंध्यासुद्धा खोक्यात भरून विकत मिळतात, आणि त्यांच्यात ऑइल अजिबात शोषलं जात नाही. लोणच्याच्या बरण्यांभोवती आई वर्तमानपत्र गुंडाळतात, त्याऐवजी तुमची जुनी धोतरं गुंडाळायला सांगा. सुतीच हवीत. आणि ती कशासाठी हे त्यांना इथे पोहोचल्यावर सांगू.

आपली,
सूनबाई