खोलून बघू!

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, लोहचुंबकी टोकाचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर असतो. लग्नाला जातानाही. चौथ्या मजल्यावर कुणी 'कॉम्प्युटर बंद पडतोय' असं पुटपुटलं, तरी पहिल्या मजल्यावर त्यांना ते ऐकू येतं आणि पाच मिनिटांत बेल वाजते. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, आणि मशिनचा ताबा.

या खेपेचा रोगी अकरावीतल्या मुलाचा. "काका, गेम खेळताना धाडकन जातो. मॉनिटरसकट." शेवटचा शब्द वाया गेला, कारण तोवर कॅबिनेटच्या बाजूचं झाकण निघून दिवाणावर पडलं होतं. 'खोलून बघू' ही काकांची पहिली पायरी. रोग्याला विचारून बघू ही कुठलीच नाही.

"गेम कुठला?"

"सायबरपंक २०७७."

"मशिन कधीचं?"

"२०२१चं."

"मग! छप्पन वर्षांचा फरक आहे. कसा झेपेल त्याला?"

यावर ते स्वतःच भरपूर हसले आणि धुळीकडे वळले. धूळ दिसली की काकांना गुन्हेगार सापडल्याचा आनंद होतो. ब्लोअर फिरवून ती आधी कॅबिनेटमधून खोलीत आणि मग खोलीतून देव्हाऱ्यापर्यंत पोचवली गेली. पुढे रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या. हा उपाय वेडगळ नाही बरं का. मशिन सुरूच होत नसेल तर कधी कधी लागूही पडतो. पण हे मशिन सकाळी नीट उठत होतं, नेटवर फिरत होतं, प्रोजेक्ट लिहीत होतं. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड जोर लावू लागलं, की मगच जात होतं.

मुलाने तापमान दाखवलं : प्रोसेसर ७२. बहुतेक प्रोसेसर शंभरीच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात, अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद पडतात. म्हणजे इथे ताप नव्हता. "सॉफ्टवेअर खोटं बोलतं," म्हणत काकांनी हीटसिंकवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि थर्मल पेस्ट मागवली. ती बोटाने सढळ हस्ते थापली. मग चाचणी म्हणून अर्धा तास पत्ते खेळले. मशिन बंद पडलं नाही. "बघ, चालतंय की!"

रात्री गेममध्ये पुन्हा अंधार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विंडोजची नोंदवही उघडली. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद त्यांनी तपासअधिकाऱ्यासारखी दोनदा मोठ्याने वाचली. मशिन रीतसर बंद न होता गेलं, एवढंच ती सांगते. रुग्ण मृत आढळला असं लिहिणारा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट म्हणजे. का गेला, ते त्यात नसतं. काकांनी मात्र त्यावरून फॉरमॅट मारायचं ठरवलं. फॉरमॅट मारूनही गुण येईना, तेव्हा स्वारी तापकीर गल्लीत गेली आणि नवा एसएमपीएस घेऊन आली. एसएमपीएस ते तळहातावर तोलून घेतात. जड तो चांगला. वॅटचा आकडा काय, स्टिकरवर कुणीही छापतं, असं त्यांचं म्हणणं, आणि स्वस्तातल्या मालाबाबत ते अगदीच खोटं नाही.

नवा बसला. काका समोर असतानाच मशिन गेलं.

"हा बंद पडला की माझी मालिकासुद्धा अडकते," स्वयंपाकघरातून आजी म्हणाल्या. त्या मालिका मोबाइलवर बघतात, घरच्या वायफायवर.

"योगायोग," काका म्हणाले आणि अर्थिंगवर बोलू लागले.

मुलगा मात्र टेबलाखाली वाकला. एसएमपीएसने मान टाकली असती तर मॉनिटरचा दिवा लागलेला राहिला असता आणि त्याने 'सिग्नल नाही' म्हणून कुरकुर केली असती. इथे मॉनिटर जात होता, राउटर जात होता, आजींची नायिका जात होती. सगळ्यांच्या वायरी एकाच डब्यात शिरत होत्या : ६०० व्हीएचा यूपीएस, जो खरा ३६० वॅटच देतो. त्यात वाढदिवसाला आलेलं ग्राफिक्स कार्ड एकटंच अडीचशे खाणारं. मुलाने मशिनची पिन काढून थेट भिंतीत खोचली. गेम जेवणाच्या वेळेपर्यंत चालला, आणि त्यावरून घरात वेगळं भांडण झालं.

काकांना हे मान्य होईना. रोग इतका साधा निघणं त्यांना आवडत नाही. "यूपीएस शक्यच नाही. ओव्हरलोड झाला तर आधी बोंबलतो तो. पीं पीं करतो. तुम्ही ऐकलंत कधी?"

"करायचा की," आजी म्हणाल्या. "माझी दुपारची झोपमोड व्हायची, म्हणून तुम्हीच नाही का त्याची पिपाणी उपटून काढलीत?"

काका जरा थांबले. बशीत उरलेलं बिस्कीट त्यांनी चहात बुडवून खाल्लं.

"आहे ती माझ्याकडे," ते म्हणाले. "एकदम चालू कंडिशनमध्ये. हवी असेल तर सांगा."