हे घोटे कुठले म्हणायचे?

"घोटे? हे आडनाव कुठल्या बाजूचं गं?"

काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून पहिला प्रश्न टाकला तो हा. खून कोणाचा, केला कोणी, ते सगळं नंतर. बजाजनगरात नव्या माणसाची चौकशी अशीच होते: आधी गाव, मग कंपनी, मग शिफ्ट. वाळूजच्या एमआयडीसीपायी बीड, जालना, परभणी, लातूरकडून आलेली घरं, रो-हाऊसची रांग आणि मध्ये छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर इन्स्पेक्टर घोटेला तरी सवलत कशी मिळणार?

"नाव गणेश. मुंबईच्या सीआयडीत इन्स्पेक्टर," मी म्हटलं. "पण काकू, त्याला जन्माला घातला एका इंग्रजानं."

"बाई! आपला फौजदार आन् लिहिणारा इंग्रज?"

मग सविस्तर सांगणं आलं. एच. आर. एफ. कीटिंग हा लेखक आधीपासून गुन्हेकथा लिहायचा. त्या अमेरिकेत खपेनात. तिकडच्या प्रकाशकांना त्या फारच इंग्रजी वळणाच्या वाटायच्या. म्हणून यानं परका मुलूख शोधला आणि बोट ठेवलं मुंबईवर. नकाशे, पुस्तकं, वर्तमानपत्रं समोर ठेवून १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर' छापून मोकळा. मुंबई बघितलेली नाही, भारतात पाऊल ठेवलेलं नाही. आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या गुन्हेकथाकारांच्या संघटनेचा 'गोल्ड डॅगर' घेऊन बसला! मुंबईला तो आला दहाएक वर्षांनी, तेही एअर इंडियानं बोलावलं म्हणून.

"पोरगी न बघता सोयरीक केली म्हण की," काकू म्हणाल्या.

"आणि संसार टिकला. वीसेक पुस्तकं तरी झाली."

"बायको आहे का त्याला?"

"आहे. प्रोतिमा. बंगाली."

काकूंचा चेहरा सासूसारखा झाला. "अन् घरच्यांनी चालवून घेतलं? १९६४ साली?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात वेद नावाचा मुलगा आहे हे सांगितल्यावर त्या जरा निवळल्या. पण कादंबरीतल्या श्रीमंत माणसाचं नाव 'लाला वर्दे' म्हटल्यावर पुन्हा फुरफुरल्या. लाला एका मुलखातला, वर्दे दुसऱ्या. एका माणसात दोघं कसे राहतील? काकूंचं खरं होतं. १९८८ साली या कादंबरीवर सिनेमा निघाला. त्यात नसीरुद्दीन शाह घोटे झाला आणि लाला झालेल्या अमजद खानचं नाव हीरालाल ठेवलं. कुणीतरी मध्ये आमच्या काकूंसारखी भेटली असणार.

"बरं, मेलं कोण?"

इथेच गंमत आहे. कुणी मेलेलं नाही. लालाच्या पारशी सेक्रेटरीचं आडनाव परफेक्ट. त्याच्या डोक्यात कोणीतरी फटका घातलाय आणि म्हातारा बेशुद्ध पडलाय. पण गावभर बोलबाला 'परफेक्टच्या खुना'चा. मेलेल्याचा तपास एकवेळ सोपा. इथे माणूस जगतो की जातो याच धाकात घोटे धावतोय. त्यात भर म्हणून युनेस्कोनं धाडलेला स्वेन्सन नावाचा धिप्पाड स्वीडिश तज्ज्ञ 'इथले पोलीस काम कसं करतात' ते बघायला कायम पाठीमागे. लालाच्या घरात कोणी धड उत्तर देत नाही. आणि या सगळ्यात वरून हुकूम येतो: मंत्रिसाहेबांच्या टेबलातून एक रुपया चोरीला गेला आहे, त्याचा छडा लावा.

"किती?"

"एक रुपया."

आतापर्यंत पेपरात तोंड घालून बसलेले काका खुर्चीतून उठून भिंतीशी आले. रिटायर होईपर्यंत त्यांनी कंपनीच्या शॉपमध्ये काढलेला काळ आणि अर्नाळकर वाचण्यात काढलेला काळ यात अर्नाळकर सरस ठरतील. बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहिणारा, झुंजार आणि काळापहाड या नायकांना जन्म देणारा माणूस. काकांचा घोटेवर पहिल्यापासून राग. "झुंजार असता तर त्या लालाला दोन मिनिटांत बोलतं केलं असतं. काळापहाडानं मंत्र्यालाच उचललं असतं. हा तुझा इन्स्पेक्टर नुसता घाबरतो!"

घाबरतो खरा. साहेब ओरडतील म्हणून, पाहुण्याला काय वाटेल म्हणून. हॅन्स ग्रोस या ऑस्ट्रियन गुन्हेतज्ज्ञाचा जाडजूड ग्रंथ तो पोथीसारखा मानतो, आणि त्यात मंत्र्याच्या रुपयावर उपाय दिलेला नसतो. पण मला तर तो त्याचसाठी आवडला. आपल्या रहस्यकथेत खरा हिरो पोलीस खात्याबाहेरचा: झुंजार कायद्याला वळसा घालणार, धनंजय खाजगी गुप्तहेर, सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास बॅरिस्टर. फौजदार यायचा शेवटच्या पानावर, बेड्या घेऊन. पगारावर जगणारा, वरच्याला 'हो साहेब' म्हणणारा मराठी पोलीस कादंबरीच्या मधोमध बसवला तो एका परक्यानं. रस्ते, आडनावं, घरातल्या रीती यांत तो जागोजाग चुकलाही असेल. साहेबाचा धाक मात्र त्याला बरोबर कळला. तो लंडनच्या ऑफिसातही तसाच असणार.

काकांना हे पटलं नाही. रुपया मात्र पटला. "आमच्या शॉपमध्ये एक स्पॅनर कमी भरला की सगळ्या लाइनीची झडती. लाखाचा माल खराब झाला की मीटिंग."

"बघा! मग?"

"मग काय! तुझा घोटे चांगला कामगार आहे. हिरो नाही."

तेवढ्यात काकूंनी मुद्द्याचं विचारलं, हीच त्याची पहिली केस का? तर नाही. 'इन्स्पेक्टर घोटेज फर्स्ट केस' नावाचं पुस्तक कीटिंगनं २००८ साली लिहिलं, पहिल्या कादंबरीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. तरी सुरुवात १९६४च्याच पुस्तकापासून करावी, असं माझं मत. त्यात लेखकालाही हा माणूस अजून नीट ओळखीचा नाही. घोटे गुन्ह्याचा तपास करतो आणि कीटिंग घोटेचा. पुढच्या पुस्तकांत ओळख पक्की होते, सफाई येते. ही चाचपडण्यातली मजा मग मिळत नाही.

"ते असू दे. परफेक्टला मारलं कुणी?"

"ते उद्या."

"घरातलंच कुणीतरी असणार. बाहेरचा कशाला येतोय सेक्रेटरीला मारायला? सून कशी आहे त्या लालाची?"

मी काही बोलले नाही.

"नको सांगू. दुसऱ्या पुस्तकात काय आहे?"

"मुंबईतल्या रस्त्यावरच्या पोरांसाठी आश्रम चालवणारा एक अमेरिकन दानशूर. त्याचा खून होतो."

"खराच होतो का? नाहीतर हाबी बेशुद्धच पडायचा."

"खराच."

"मग ते आधी सांग," काकू म्हणाल्या. "परफेक्टचं राहू दे, तो काय जात नाही कुठं."