कुरडयांचा पहारेकरी

पुण्याहून वाईला निघताना मोबाइलने सांगितलं, आठवडाभर हवा कोरडी. म्हणून छत्री घरी ठेवली आणि तिच्या जागी दोन जाडजूड पुस्तकं कोंबली. जूनचा पहिला आठवडा होता. पुस्तकं फार उपयोगी पडली, कुरडयांवरचं प्लास्टिक उडू नये म्हणून वर ठेवायला.

ज्या मावशींकडे खोली घेतली त्यांच्या गच्चीवर जुन्या धोतरावर गव्हाच्या कुरडया, ताटांत सांडगे आणि कोपऱ्यात मिरच्या होत्या. "वरच बसून वाचा की, वारा छान असतो," मावशी म्हणाल्या. वारा कसला, फरशीवर पाय ठेवला तर अंगठ्याचा पापड व्हायचा. आपली नेमणूक झाली आहे, हे संध्याकाळी कळलं.

मी पश्चिमेकडे डोळे लावून बसलो होतो. पाऊस यायचा तो महाबळेश्वराकडून, एवढा भूगोल मला येत होता. पण तो मृगानंतरचा पाऊस. वळीव पूर्वेकडून, पाठीमागून येतो. पाठीत पहिला टपोरा थेंब बसला तेव्हा मी पाचगणीच्या ढगांवर चिंतन करत होतो. धोतराची दोन टोकं मावशींनी धरली, दोन मी. माझ्या बाजूच्या कुरडया जिन्यात सांडल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. चहा मात्र बिनसाखरेचा आला.

मंगळवारी मोबाइल घाबरला आणि दिवसभर पाऊस दाखवू लागला. कुरडया दिवसभर घरात, ऊन दिवसभर गच्चीवर.

बुधवारी रजा मिळाली. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलो, तर धुक्यात हात दिसेना आणि स्वेटर विकणारा माझ्याकडे आपल्या माणसासारखा बघत होता. घेतला. बारा-तेरा किलोमीटर उतरून खाली आलो, तर वाईत लोक सदऱ्याची बटणं सोडून बसलेले. एरवी पावसाळ्यातही हीच तऱ्हा. समुद्रावरचा वारा सह्याद्री चढताना गार होतो आणि पाण्याचं ओझं महाबळेश्वरावर टाकतो. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाव हिस्सासुद्धा नाही. पहिल्या पंगतीला जेवून आलेला पाहुणा दुसऱ्या घरी नुसती सुपारी घेतो, तसं.

गुरुवारी गारा पडल्या. पोरं वेचत होती, मी मिरच्या वेचत होतो.

वाई हे मराठी विश्वकोशाचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून ज्ञान खंडांत बांधलं. त्याचा गुण म्हणा, टपरीवरसुद्धा पावसाची नोंद पूर्ण मिळते: व्याख्या, कारणं, अपवाद. शुक्रवारी तिथे पंचांग निघालं. मृगाचं वाहन म्हैस, म्हणजे पाणीच पाणी! शनिवारी मृग लागला, आणि आभाळ धुतलेल्या पातेल्यासारखं लख्ख. "म्हैसच ती, वाटेत कुठे पाणी दिसलं असेल, बसली डुंबत," टपरीवाल्याने अपवाद सांगितला.

हवामानाचा खरा बंदोबस्त या गावात एकट्या ढोल्या गणपतीकडे आहे. रास्त्यांनी 1762 मध्ये देऊळ बांधताना मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केली. कृष्णेचा पूर आला की पाणी तिथे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. रविवारी निघण्याआधी मी त्या भिंतीमागे बराच वेळ उभा राहिलो. गच्चीवर असं काही करता आलं असतं का, हाच विचार.

निघताना मावशींनी पिशवीभर कुरडया दिल्या. "तुमच्याच आहेत, जिन्यातल्या." सुरूर फाटा ओलांडला आणि बस वळवात सापडली. माझ्या खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली. पिशवी सदऱ्याच्या आत घेतली, वर स्वेटर गुंडाळला आणि वाकून बसलो.

"लहान बाळ आहे का?" कंडक्टरने विचारलं.

"कुरडया आहेत."

"मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत त्याने स्वतःची जागा मला दिली.