हुरडा, कानटोपी आणि नानांचा 'गॅस' : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या घरात अजून कुणालाही ऐन हिवाळ्यात, गावाकडे, कणसं आगटीत असताना छातीत दुखलेलं नाही, अशा नवशिक्या कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. अनुभवी कुटुंबांनी वाचली नाही तरी चालेल. त्यांचं सगळं पाठ असतं. इथे ज्यांना त्रास होतो त्यांना सोयीसाठी नाना म्हटलं आहे. तुमच्याकडे अण्णा असतील, भाऊ असतील, आप्पा असतील. स्वभावात फरक नसतो.

निघण्यापूर्वी

सहल कुठे न्यायची यावर घरच्या ग्रुपवर महिनाभर वाद घालावा. तरुणांनी कळसूबाई सुचवावं, म्हणजे १,६४६ मीटर हा आकडा वाचून ज्येष्ठांचे गुडघे आपोआप दुखू लागतात. महाबळेश्वरवाल्यांनी वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी पुढे ढकलावी. शेवटी सर्वानुमते गावच्या शेतावर हुरड्याला जायचं ठरवावं, कारण चुलतभाऊ दिवाळीपासून "या की एकदा" म्हणतोय आणि मुक्कामाला पैसे पडत नाहीत.

सामानात स्वेटर, मफलर, कानटोप्या, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू आणि लाडू कमी पडले तर म्हणून आणखी लाडू घ्यावेत. नानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या घरी राहू द्याव्यात. रस्त्यात टेंभुर्णीच्या आसपास हे लक्षात आलं, की "दोन दिवसांनी काय होतंय?" हे वाक्य नानांनी स्वतः म्हणावं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्यात तो अधिकार येत नाही.

होतं काय ते सांगायला हवं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त राबावं लागतं आणि रक्त गोठण्याकडे कल वाढतो. म्हणून हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके वाढतात, आणि दिवसभरातली वाईट वेळ सकाळची. आपण मात्र वर्षभर आठला उठणाऱ्या माणसाला गोळ्यांशिवाय पहाटे पाचला शेतात उभं करतो आणि "हवा बघा कशी शुद्ध आहे" म्हणतो.

आगटीभोवती

हा भाग मात्र घाईने उरकू नये. ज्वारीचं कणीस दुधातून निघून दाणा भरायला लागतो, पण वाळलेला नसतो, ते मोजकेच दिवस हुरड्याचे. सोलापूर जिल्ह्यात भाकरीसाठी नाव मालदांडीचं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. हुरड्याला मात्र गुळभेंडी हवी. तिचा दाणा गोड, आणि बोंडातून सहज सुटतो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, धूर बसला की निखाऱ्यात कणसं खुपसायची. याला आगटी म्हणतात. भाजलेलं कणीस हातावर चोळायचं काम जाणत्याचं. शहरातून आलेल्याने ते एकदा करून पाहावं, हात भाजून घ्यावा आणि मग बसून खावं. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं आणि ओला हरभरा.

हुरडा गरम असतानाच खायचा असतो. म्हणजे आगटीवरून कुणी उठत नाही, आणि उठलं तर सगळे त्याच्याकडे बघतात. पुढच्या प्रकरणाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. नानांना बरं वाटत नसलं तरी ते उठणार नाहीत. चुलतभाऊ पहाटेपासून राबतोय, वहिनी चुलीपुढे बसून थापताहेत, पोरं हसताहेत. अशा वेळी छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय असं सांगणं म्हणजे रंगाचा बेरंग. आपल्याकडे चारचौघांत दुखणं काढणं हे दुखण्यापेक्षा वाईट समजतात.

घाम

आता मूळ विषयाला येऊ. सगळे गोधडीत गुरफटलेले आहेत, बोलताना तोंडातून वाफ निघते आहे, आणि नानांच्या कपाळावरून घाम ओघळतो आहे. नवशिक्यांनी इथे पुढील संवाद अचूक म्हणावा.

"अहो, घाम का आलाय एवढा?"

"आगटीजवळ बसलोय, घाम येणारच."

"छातीवर हात का ठेवलाय?"

"काही नाही गं, गॅस आहे. काल वांग्याची भाजी जरा जास्त झाली."

'गॅस' हा शब्द उच्चारला गेला की कुटुंबातला प्रत्येक जण वैद्य होतो. एकाने ओवा आणावा, दुसऱ्याने हिंग, तिसऱ्याने लिंबू-सोडा. आत्याने पाठीला तेल चोळावं. चौथ्याने ढेकर आली का हे दर दोन मिनिटांनी विचारावं, आणि ती आली की सगळ्यांनी "बघा!" म्हणून एकमेकांकडे पाहावं. झटका आलेल्या माणसालाही ढेकर येते, ही माहिती या क्षणी कुणाला नको असते. मोबाइलवाल्या भाच्याने जोरजोराने खोकत राहिलं की झटका टळतो हा जुना संदेश वाचून दाखवावा. त्याला काही आधार नाही, पण नाना आज्ञाधारकपणे खोकतील, कारण डॉक्टरकडे जाण्यापेक्षा ते सोपं.

घरात एक पुतणी दंतवैद्य असते. ती म्हणेल, "ईसीजी काढायला हवा, आत्ता." तिला "तू दातांचं बघ" असं सांगावं. जमलेल्या मंडळींत बरोबर बोलणारी ती एकटीच असते. दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत उतरतंय का, दम लागतोय का, मळमळतंय का, हे विचारणारीही तीच. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, गिळायची नाही, चावून खायची, हेही तिला माहीत असतं. त्याआधी ती ॲलर्जी आहे का, पोटात रक्तस्राव कधी झालाय का हे विचारते आणि फोनवर डॉक्टरला गाठून खात्री करून घेते. शेजारच्या वस्तीवरचे एक गृहस्थ मात्र खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी काढून परस्पर द्यायला निघतात. रक्तदाब आधीच खाली आलेला असेल तर तीच गोळी माणसाला आडवं करते. दुसऱ्याच्या खिशातलं औषध ते दुसऱ्याचंच.

इथे थोडं थांबून नानांच्या बायकोबद्दल, म्हणजे काकूंबद्दल बोलायला हवं, कारण अशा मार्गदर्शिकांत त्या येतच नाहीत. हाच प्रकार काकूंना झाला तर छाती दुखेलच असं नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये कधी नुसता न पेलणारा थकवा येतो, मळमळतं, पोटाच्या वरच्या भागात दुखतं, श्वास अपुरा पडतो. नानांकडे निदान चारजण बघत असतात. काकू चुलीपुढे असतात, त्यांचा घाम चुलीच्या खात्यावर जातो, आणि "जरा पडते" म्हणून त्या आत गेल्या तर शेवटची भाकरी कोण भाजणार एवढाच प्रश्न पडतो. बाकीची सगळी थट्टा एकवेळ सोडून द्या. काकूंबद्दलचं हे तेवढं सोडू नका.

गाडी कोण चालवणार

गॅस नाही असं पाऊण तासाने ठरलं, की नानांनी उठावं, किल्ली मागावी आणि "रस्ता तुम्हाला माहीत नाही, मीच चालवतो" म्हणावं. ही परंपरा आहे. ती मोडायला घरात एक उद्धट माणूस लागतो. नसेल तर सहलीआधी नेमून ठेवावा.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. सुरुवातीलाच तिच्या ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या, गाडीत डॉक्टर असतो, आणि पैसे पडत नाहीत. एवढं असूनही पुष्कळ घरांत १०८ ला फोन करणं म्हणजे अभद्र बोलणं समजतात. फोन लावलाच तर पत्ता असा सांगावा : "गावात शिरल्यावर मारुतीच्या देवळापासून आत, मग वडाखालून डावीकडे, मग पाटलांची जुनी विहीर." रात्रपाळी करून आलेल्या चालकाला पाटलांची विहीर ठाऊक असणं हा त्याचा धर्मच आहे. हे नको असेल तर नकाशातलं ठिकाण पाठवावं आणि एका पोराला मोटारसायकलवर डांबरी रस्त्यापर्यंत पिटाळावं. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागे अडकलेली गाडी शेतात कशी आणायची हे त्या पोराइतकं कुणाला कळत नाही.

गाडी यायच्या आत नाना बेशुद्ध पडले, हलवून-हाका मारून प्रतिसाद देईनात, श्वास नीट चालेना, तर तोंडावर पाणी मारत बसायचं नाही. जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. माणूस दमतो, म्हणून आळीपाळीने. दंतवैद्य पुतणीला हे येतं. सहलीच्या आदल्या रात्री पत्त्यांच्या डावाऐवजी तिच्याकडून उशीवर शिकून घेतलं तर पत्ते पळून जात नाहीत.

आता खरा वाद. कुणीतरी म्हणणार, "तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काय ठेवलंय? थेट पुण्याला नेऊ, तिथे आपली ओळख आहे." करमाळा-बार्शीकडून पुणे चार तासांवर. बंद पडलेल्या धमनीला ओळखीचं कौतुक नसतं. हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. जवळच्या ठिकाणी बारा लीडचा ईसीजी निघतो. त्यात मोठा झटका स्पष्ट दिसला आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग पुढे हलवायचं, असा जगभर मान्य असलेला नियम आहे. हे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं उपयोगी, आणि ते तास आपण ओव्यात घालवलेले असतात. पहिला ईसीजी साधा आला तरी घरी फिरायचं नसतं. तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. "ईसीजी नॉर्मल आहे, चला हुरडा गार होतोय" असं म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याला रुग्णवाहिकेत बसवू नये.

अतिदक्षता विभागाबाहेर

इथलं तंत्र सोपं आहे. सगळ्यांनी एकदम जावं. संमतीपत्रावर सही कोणी करायची यावर जिन्यात कुजबुजावं. काकूंना काही कळणार नाही असं गृहीत धरून त्यांच्यासमोरच सगळं बोलावं. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या एका डॉक्टरला फोन लावावा आणि मिळालेली मतं उपचार करणाऱ्या डॉक्टरला ऐकवावीत. स्टेंट म्हणजे निव्वळ लूट, असं म्हणणारा एक मेहुणा हजर असावा. त्याला फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, हे सांगून उपयोग होत नाही. किंमत हा त्याचा मुद्दा नसतो, मत हा असतो.

भेटायला येणाऱ्यांनी शहाळं आणावं आणि आत सोडत नाहीत म्हणून वॉर्डबॉयशी भांडावं. "काही लागलं तर सांगा" म्हणावं. खरंच काही सांगायचं झालं तर ते हे की रात्री बाकावर कुणी बसायचं, धाकट्या पोरांना घरी कुणी न्यायचं, विम्याचं कार्ड कुठल्या कपाटात आहे. पण असं सांगितलं की माणसं दुखावतात, म्हणून कुणी सांगत नाही.

नाना बहुतेक वेळा वाचतात, विशेषतः पुतणीचं ऐकलं गेलं असेल तर. शुद्धीवर येताच ते विचारतील, "हुरड्याचं काय झालं?" मग ही सगळी गडबड विनाकारण झाली, गॅसच होता, स्टेंट उगाच घातला, असं ते पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात सांगत राहतील. सांगू द्यावं. सांगायला माणूस आहे.

या डिसेंबरात कुठे हुरड्याला जाणार असाल, तर यजमानांना गुळभेंडी आहे का हे विचारण्याआधी रात्रंदिवस ईसीजी निघतो असा सर्वांत जवळचा दवाखाना कुठला, तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि त्या शेतात कुठल्या झाडाखाली फोनला रेंज येते, एवढं विचारून घ्या. यजमानांना ते माहीत नसेल, तर त्यांनीही ते याच निमित्ताने शोधून ठेवावं. त्यांच्या घरातही एक नाना असतातच.